ऊद घालायला शिकताना: विस्तवापासून राखेपर्यंत

आजवर घरात ऊद घालायचं काम आजीचं नाहीतर सासूबाईंचं असायचं. मंगळवार, शुक्रवार, आवस-पुनव आली की दिवेलागणीला त्या धुपाटणं घेऊन घरभर फिरायच्या आणि बाकीचे डोळे चोळत ओसरीवर जाऊन बसायचे. आता लातुरात किंवा संभाजीनगरात फ्लॅट झाला. चूल नाही, गोवरी नाही, आणि घट बसायच्या दिवशी लक्षात येतं की हे काम आता आपल्याकडं आलंय आणि त्यातलं आपल्याला काही येत नाही. मग दुकानातून धुपाचे तयार कप येतात, खोली धुरानं भरते, शेजारी दार वाजवतात. ज्यांना हे पहिल्यापासून नीट शिकायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. यात बारा आणे काम विस्तवाचं आहे आणि चार आणे उदाचं. विस्तव चांगला पडला तर साधा ऊदही घर भरून टाकतो. विस्तव कच्चा असेल तर कितीही महागाचा ऊद टाका, खोकलाच येणार.

दुकानात काय मागायचं

किराणा दुकानात नुसतं 'धूप द्या' म्हटलं की हातात रंगीत पाकीट पडतं. ते नको असेल तर काष्ठौषधीचं किंवा पूजासाहित्याचं जुनं दुकान गाठा. लातूरला गंजगोलाई, संभाजीनगरला शहागंज-गुलमंडी अशा जुन्या पेठांत विचारत गेलात की सापडतं. तिथं 'खडा ऊद' मागा. आपल्याकडं कुणी ऊद म्हणतं, कुणी लोबान, आणि दुकानदार दोघांसाठी हात एकाच बरणीत घालतो. अत्तरवाल्याकडचा ऊद मात्र वेगळा. तो अगरूच्या लाकडाचा, किंमतही भलतीच. रोजच्या पूजेला तो लागत नाही.

आपला ऊद म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर आणि लाओसकडं ही झाडं आहेत. सालीला चिरा देतात, चीक बाहेर येऊन घट्ट होतो आणि मग खरवडून काढतात. चांगल्या खड्यात करड्या-तपकिरी गाभ्यात पांढरट, बदामाच्या तुकड्यांसारखे ठिपके दिसतात. विस्तवावर टाकला की तो आधी वितळतो, बुडबुडे येतात आणि गोडसर वास सुटतो. हा वास कुठंतरी ओळखीचा वाटेल, कारण उदात व्हॅनिलाच्या वासाचा अंश असतो.

त्याच दुकानात राळही मिळते. ती पिवळसर, काचेसारखी, स्वस्त असते आणि सालवृक्षापासून येते. राळेचा धूर दाट आणि घशाला झोंबणारा असतो. स्वस्त धुपाच्या पुड्यांत बहुतेक करून तीच जास्त असते. राळेची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: तिची पूड ज्योतीवर पडली की भपकन जाळ होतो. गावात सोंगं निघतात तेव्हा मशालीवर चिमूट फेकून जो लोळ उठवतात तो राळेचाच. म्हणून पेटत्या कापरावर किंवा ज्योत असलेल्या गोवरीवर राळेची पूड कधीही टाकू नका. भुवया जळायला क्षणही लागत नाही.

तिसरा गुग्गुळ. काळपट-तपकिरी, हाताला चिकटणारा, वासाला थोडा कडवट. हे झुडूप राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या भागात वाढतं. चीक काढताना सालीला इतक्या चिरा देतात की पुष्कळ झाडं मरतात. जगभरातल्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत गुग्गुळ अतिधोक्याच्या वर्गात आहे. म्हणून माझं मत असं की तो रोज जाळू नये. घट बसताना, महालक्ष्म्यांना, एखाद्या शांतीला हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. रोजच्याला ऊद चांगला, किंवा सालईचा डिंक. सालई आपल्या महाराष्ट्रातल्या जंगलांतलंच झाड आहे आणि त्याचा वास लिंबूसारखा हलका असतो.

पहिल्या खेपेला पन्नास ग्रॅम ऊद घ्या. एका वेळी चिमूटभर लागतो, त्यामुळं पाव किलो आणून ठेवण्यात अर्थ नाही.

धुपाटणं

मातीचं, पितळेचं, लोखंडी, कुठलंही चालतं. नव्या माणसानं लांब मुठीचं घ्यावं. बिनमुठीच्या वाट्या दिसायला सुरेख, पण त्या शोकेसमध्ये शोभतात, हातात नाही. मातीचं नवं असेल तर पहिल्याच दिवशी त्यात लाल निखारे ओतू नका, तडकतं. आधी थोडी कोमट राख घालून तापू द्या.

तळाला दोन बोटं कोरडी राख किंवा बारीक वाळू हवीच. तिच्यामुळं भांड्याचं बूड तापत नाही, आणि निखाऱ्याला खालून थोडी हवा मिळते म्हणून तो विझतही नाही. घरात राख नसेल तर कुंडीत घालायला आणलेली वाळू चाळून, उन्हात वाळवून घ्या. धुपाटणं खाली ठेवायला फरशीचा तुकडा किंवा वीट लागते. प्लायवूडच्या देव्हाऱ्यावर सरळ ठेवलेल्या पितळी भांड्याचे गोल काळे डाग मी कितीतरी घरांत पाहिलेत.

आता विस्तव

गावाकडं हा प्रश्नच नव्हता. चुलीतून दोन इंगळ चिमट्यानं उचलले की झालं. 'इस्तू पडला का गं?' एवढंच विचारायचं. शहरात तो मुद्दाम पाडावा लागतो, आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यात चांगली गोवरी. रानात गुरांचं शेण पडून जागच्या जागी वाळतं ती रानगोवरी त्यातही उत्तम. ती हलकी असते, लवकर पेटते आणि तिची राख पांढरी पडते. थापलेली गोवरी असेल तर पातळ निवडा. तळहाताएवढा तुकडा मोडून घ्या, जास्त नको. पावसाळ्यात गोवरी हवेतला ओलावा धरते आणि नुसती धुमसते. जूनच्या आत चार-सहा गोवऱ्या खडखडीत वाळवून बंद डब्यात ठेवल्या तर महालक्ष्म्या आणि नवरात्र दोन्ही निघतात.

गॅसवर पेटवायची तर शेगडीवर पापड भाजायची जाळी ठेवा आणि तिच्यावर तुकडा. जाळी नसली की राख बर्नरच्या भोकांत जाते आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना ज्योत पिवळी येते. आच मध्यम ठेवा. एक कड लाल झाली की चिमट्यानं उलटवा. दोन्ही बाजूंनी धग धरली की गॅस बंद करून तुकडा धुपाटण्यात घ्या आणि हातपंख्यानं हळू वारा घाला. फुंकर मारू नका. राख डोळ्यांत उडते, आणि जुन्या बाया तर विस्तवाला तोंडानं फुंकणं अपवित्रच मानतात.

दुसरी नारळाची करवंटी. गोवरी मिळत नसेल तिथं हिच्यासारखं काही नाही. तिचा निखारा घट्ट असतो, बराच वेळ टिकतो आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मात्र काथ्या पूर्ण काढून टाका आणि पेटवताना थोडं लांब राहा. सुरुवातीला तेल जळतं तेव्हा ज्योत उंच जाते.

तिसऱ्या, दर्ग्यांबाहेर आणि पूजेच्या दुकानांत मिळणाऱ्या काळ्या गोल चकत्या. त्यांच्यात सोरा, म्हणजे जळायला मदत करणारा क्षार, मिसळलेला असतो, म्हणून काडी लावली की कडेपासून तडतडत पेटत जातात. सोय मोठी, पण सुरुवातीला ठिणग्या उडतात आणि सोऱ्याचा उग्र दर्प येतो. चिमट्यात धरून गॅलरीत पेटवा आणि तडतड पूर्ण थांबल्यावरच आत आणा.

तिन्हीत खूण एकच. ज्योत विझलेली असावी आणि निखाऱ्यावर पांढऱ्या राखेचा पातळ थर आलेला असावा. त्या थराच्या आत लाली दिसली की विस्तव तयार. नवशिके इथंच घाई करतात. काळी-लाल गोवरी अजून धुमसत असते तेवढ्यात वर ऊद टाकतात. मग उदाचा वास न येता शेणाचा धूर येतो, आणि नाव उदाचं खराब होतं.

ऊद टाकायचा तो कसा

खडा आधीच खलात किंवा कागदात गुंडाळून लाटण्यानं जाडसर फोडून ठेवा. अगदी पूड करू नका, ती क्षणात जळून जाते. तुरीच्या डाळीएवढे कण बरोबर. दोन बोटांच्या चिमटीत मावतील तेवढे घ्या आणि निखाऱ्याच्या मधोमध न टाकता कडेला टाका. मधे आच जास्त असते, तिथं ऊद करपतो. कडेला तो वितळत राहतो आणि वास हळूहळू सुटतो.

धूर पांढरा आणि पातळ असेल तर काम बरोबर चाललंय. करडा, दाट झाला तर ऊद जास्त झालाय किंवा विस्तव फार कडक आहे. चिमट्यानं थोडी राख निखाऱ्यावर ओढा, लगेच आच उतरते. पहिला वास विरल्याशिवाय दुसरी चिमूट टाकू नका. खोलीत धूर दिसेनासा झाल्यावरही वास राहतो, आणि तो वास घ्यायचा असतो. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे देव पावला असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा.

पूजेत नेमका कधी

पंचोपचार पूजेत क्रम असा: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. सोळा उपचारांच्या पूजेतही गंध-फुलांनंतर आणि दिव्याच्या आधी अकराव्या जागी धूप येतो. त्यामुळं देवाला गंध लावायच्या आधीच विस्तव पाडायला ठेवावा, नाहीतर फुलं वाहून झाल्यावर सगळे खोळंबतात. धुपाटणं उजव्या हातात, घंटा डाव्या हातात. 'वनस्पतिरसोद्भूतो' ह्या श्लोकानं धूप दाखवतात. तो येत नसला तर 'धूपं समर्पयामि' एवढं म्हटलं तरी उपचार पूर्ण होतो. धुपाटणं देवापुढं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सावकाश फिरवा, मूर्तीच्या नाकाशी नेऊ नका. धूर हातानं देवाकडं सारतात.

मग घरातून. आधी दोन खिडक्या उघडा, मग निघा. देवघर, स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या, शेवटी उंबरठा. शेती असेल तर गोठाही. स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ थांबायचं नाही आणि गॅस गळतोय असा जरा जरी वास आला तर विस्तव घेऊन आत जायचंच नाही. नव्या इमारतींत छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. त्याच्या बरोबर खाली उभं राहून ऊद घातलात तर सगळी सोसायटी जिन्यात येईल.

देवीच्या घराण्यांत याचं महत्त्व जास्त. तुळजापूरला भवानीच्या रोजच्या उपचारांत चरणतीर्थ, अभिषेक, प्रक्षाळ यांच्यासोबत धुपारतीही ठरलेली आहे. माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी ज्यांची कुलदेवी, त्यांच्या घरी घटाच्या नऊ दिवसांत सांज-सकाळ ऊद चुकत नाही. तुमच्या घराण्याची रीत काय आहे ते मोठ्यांना फोन करून विचारा. कुणाकडं फक्त ऊद चालतो, कुणाकडं गुग्गुळच लागतो, कुणाकडं निखाऱ्यावर तुपाचा थेंब आधी. ह्या बाबतीत माझ्यापेक्षा तुमच्या आत्याबाईंचं ऐका.

दर्ग्यात, विहारात, देवळात

मराठवाड्यात राहायचं म्हणजे हे फक्त आपल्या देव्हाऱ्यापुरतं राहत नाही. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो तेव्हा हिंदू-मुसलमान दोघंही फुलं आणि लोबान घेऊन जातात. खुलताबादच्या दर्ग्यांतही तेच. जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, गर्दी जास्त. तिथं नियम सोपा आहे: लोबान मुजावरांच्या, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांच्या, हातात द्या, लोबानदानीत ते टाकतील. स्वतः पुढं होऊन टाकू नका. अगरबत्ती असेल तर ती खोवायची जागा बहुतेक ठिकाणी मजारीपासून बाजूला केलेली असते. डोकं झाका, चपला बाहेर. शेजारी मुसलमान घरात फातेहाला बोलावलं आणि लोबान जळत असला तर शांत बसायचं, दुआ संपेपर्यंत मधे बोलायचं नाही.

बौद्ध विहारात मेणबत्ती, अगरबत्ती आणि फुलं. आधी त्रिशरण-पंचशील होतं, मग पूजेच्या गाथा. धुपाची गाथा 'गंधसंभारयुत्तेन' अशी सुरू होते. अगरबत्ती शक्यतो वंदनेआधीच पेटवून लावतात. ज्योत हातानं वारा घालून विझवा. लेण्यांत मात्र काही पेटवू नका, मग ती अजिंठ्याची असोत की संभाजीनगरची. भिंतींवर आणि चित्रांवर काजळी धरते.

देवळांचा गाभाराही बघून घ्या. औंढ्याच्या नागनाथाचं लिंग जमिनीखालच्या छोट्या गाभाऱ्यात आहे, अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं. अशा जागी चार माणसांचा श्वासही कोंडतो, तिथं अगरबत्ती पेटवायचा विचारही करू नये. बाहेर लावा.

आग लागते ती कुठं

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत. आपल्याकडं ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करताना मागं साड्यांचे पडदे, वर झालर, थर्माकोल, विजेच्या माळा, खाली फराळाची ताटं आणि समोर समई. त्यात बाया निऱ्या-पदर सावरत ऊद घेऊन येतात. सिंथेटिक साडीला ठिणगी लागली तर ती वितळून कातडीला चिकटते. म्हणून धुपाटणं मखराच्या आत न्यायचं नाही. दोन हात लांबून ओवाळायचं, पदर कमरेला खोचायचा आणि लहान मुलांना तेवढ्यापुरतं बाहेर काढायचं. कोपऱ्यात भरलेली बादली ठेवा. पाहुण्यांना ती विचित्र वाटेल, वाटू द्या.

येळवसला शेतात धोका वेगळा. मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पांडवांची पूजा मांडतात. कोप म्हणजे वाळलेला कडबा, त्याला आणखी काय पाहिजे? विस्तव कोपीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला पाडा. ऊद कोपीच्या तोंडाशी उभं राहून दाखवा आणि धुपाटणं लगेच बाहेर आणा. आत ठेवून आंबील प्यायला बसू नका. आसपास उभी ज्वारी असते, वाराही सुटलेला असतो.

धूर आणि छाती

हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण सांगणं भाग आहे. उदाचा असो, अगरबत्तीचा असो, धूर तो धूरच. त्यात बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइड असतात. मोजणीत एक ग्रॅम अगरबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमहून जास्त कण निघतात असं आढळलंय, सिगारेटच्या ग्रॅमला ते सुमारे १० मिलिग्रॅम असतात. अर्थात आपण अगरबत्तीचा झुरका घेत नाही. पण बंद देवघरात रोज तासभर बसणाऱ्या आजीच्या छातीला हा फरक कळतो.

घरात दमेकरी असेल तर ऊद गॅलरीत किंवा अंगणात घाला. थंडीत खोली बंद करून निखारे आत ठेवून झोपणं जीवघेणं आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि बाळंतिणीच्या खोलीतली धुरी. ओवा-वावडिंग-बाळंतशेप निखाऱ्यावर टाकून बाळाला शेकायची रीत आपल्याकडं पक्की आहे आणि त्यावरून घरात वाद होतात. मी डॉक्टरांच्या बाजूची आहे: तान्ह्याच्या फुप्फुसांत धूर जाऊ देऊ नये. आजीचा मान राखायचा तर धुरी अंगणात घाला आणि बाळाला आतच ठेवा.

अगरबत्तीबद्दल थोडक्यात. आत बांबूची काडी, वर कोळशाची पूड आणि चिकट साल, आणि शेवटी बहुतेक वेळा बनावट सुगंध. तिरडी बांबूची असते म्हणून बांबू जाळू नये असं मानणारी घरं आहेत, त्यांनी काडीविना धूपकांडी घ्यावी. ओली धूपकांडी मात्र उदापेक्षा जास्त धूर करते, तिची अर्धी कांडीही पुष्कळ होते. कापूर जाळायचा तर दोन वड्या पुरतात. डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात.

विझवणं आणि ठेवणं

पूजा झाली म्हणून विस्तव विझला असं होत नाही. राखेखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. धुपाटणं रिकामं करायची घाई करू नका. ते न्हाणीघरात किंवा गॅलरीच्या फरशीवर रात्रभर ठेवा, किंवा चिमट्यानं निखारे एकेक उचलून पाण्यात टाका. मातीच्या गरम भांड्यात पाणी ओतू नका, फुटेल. प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकलेली 'विझलेली' राख आणि गावाकडं कडब्याच्या गंजीजवळ ओतलेली राख, दोन्हींचे परिणाम सारखेच. उन्हाळ्यात तर फारच.

गार झालेली गोवरीची राख चाळून पुन्हा धुपाटण्याच्या तळाला घाला. उरलेली थोडी झाडांना चालते, पण रोज एकाच तुळशीत ओतलीत तर ती पिवळी पडते. भांड्याला आतून चिकटलेला उदाचा काळा थर पाण्यानं निघत नाही. धुपाटणं किंचित कोमट असताना जुन्या चमच्यानं खरवडलं की पापुद्रे सुटतात.

आणि ऊद ठेवायचा तो काचेच्या किंवा स्टीलच्या डबीत, शेगडीपासून लांब. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन असं असतं की पिशवीतल्या कणांचा एकच गोळा होतो. झालाच तर डबी फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवून खलात फोडा, मोकळा होतो.